क्लचवरचा डावा पाय

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नारायणगुड्याच्या सिग्नलला होते. दादाच्याच गाडीत, शेजारच्या सीटवर त्याच्यासाठी घेतलेली दुधात कालवायची पावडर. "नलू, गेले गं..." एवढंच ती बोलली. क्लचवरचा माझा पाय सुटला आणि गाडी गचका देऊन बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि मला ती पुन्हा सुरूच करता येईना.

अरविंददादा माझा थोरला भाऊ, पेशानं वकील. आमच्या घरात निजामाच्या काळापासून सगळे सरकारी नोकरीतले, बेतानं राहणारे. त्यानं मात्र साठी जवळ आल्यावर जुनी, लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली. "या वयात शोभतं का?" वहिनी विचारायची. "हौ, शोभतं!" म्हणून तो हसायचा. पण वर्षभरातच त्याचा डावा पाय क्लचवरून घसरायला लागला. आधी त्यानं चपलेला दोष दिला, मग पट्ट्याचे बूट घेतले... डॉक्टरांनी निदान सांगितलं त्या दिवशी तो घरी न जाता आटोनं माझ्याकडे आला. एकेक स्नायू निकामी होत जाणार होता, औषध नव्हतं. मला रडू फुटलं, तर म्हणाला, "ते नंतर. आधी गाडी शिक. मला शेजारी बसायचंय."

मला स्कूटरपलीकडे काही येत नव्हतं. सिकंदराबादच्या छावणीतल्या मोकळ्या रस्त्यांवर आम्ही जायचो. गाडी इतकी बुटकी की शेजारच्या ट्रकचं चाक डोळ्यांसमोर यायचं, आणि पाय जरा हलला की इंजिन उसळायचं. "हल्लू, हल्लू सोड. ती कुठं पकडते ते पायाला कळू दे." मी गाडी बंद पाडायची, तो पुन्हा तेच सांगायचा. पुढं त्याची जीभ जड झाली, शब्द कळेनासे झाले. मग गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवून, गिअर कधी बदलायचा ते तो दाबून सांगायचा. मग तो हातही उचलेना.

शेवटचं फिरायला नेलं तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला उचलून सीटवर ठेवलं, मानेला उशा लावल्या. उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या तुंबल्या. पुढे इंचाइंचानं सरकत होतो, पण मी गाडी एकदाही मागे घसरू दिली नाही, बंद पडू दिली नाही. आता तरी खूश असेल, म्हणून मी वळून पाहिलं. तो माझ्या डाव्या पायाकडे बघत होता... आणि त्याचे डोळे वाहत होते. पुसायला माझा एकही हात मोकळा नव्हता.

गाडी आता दादाच्या घराखाली झाकून ठेवलेली असते. रविवारी जाऊन मी इंजिन थोडा वेळ चालू करते. परवा वहिनी जिना उतरून आली, दार उघडून त्याच्या सीटवर बसली. सीट अजून त्याच्यासाठी मागे कललेली, तशीच तिनं राहू दिली. मी विचारलं, "कुठं जाऊ या?"

"कुठं नको गं," ती म्हणाली. "नुसती चालू राहू दे."