बाबा आसिफाबादला उतरले, मी बेज्जूरला गेले

बेज्जूरला जायचं की नाही यावरून आमच्या घरात आदल्या संध्याकाळपर्यंत भांडण चालू होतं. म्हणजे भांडत मी एकटीच होते. बाबा खुर्चीत बसून निवांत आंबा चोखत होते. जंगलपट्ट्यात उद्या बंद आहे, अशी बाजारात कुजबुज होती. बस कुठे अडवतील, कुठे रिकामी करतील, काही भरवसा नाही. मी म्हटलं, मावशीला सांगून लग्न एक दिवस पुढे ढकला. तर म्हणाले, "सुनंदे, लगन म्हंजे का तुह्या हापिसातली मिटिंग हाय?"

लग्न माझ्या मावसबहिणीचं, रजनीचं. मावशीनं अंगणवाडीत पोरं सांभाळून तिला एकटीनं वाढवलं. रजनीची पहिली सोयरीक साखरपुडा होऊन मोडली होती, आणि तेव्हापासून मावशीनं चारचौघांत जाणंच सोडलं होतं. आता नदीपलीकडच्या महाराष्ट्रातल्या गावचं स्थळ जमलं होतं. हेही फिसकटलं तर मावशी काही उभी राहणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आणि लग्न लावणार होते माझे बाबा. ते मराठी शाळेचे निवृत्त मास्तर, आणि बौद्धाचार्य. आमच्या बौद्ध समाजात भटजी नसतो. त्रिसरण-पंचशील देऊन, गाथा म्हणून लग्न लावणारा जाणता माणूस असतो, तो बौद्धाचार्य. बाबा गाथा नुसत्या म्हणत नाहीत, चालीत गातात. त्या चालीसाठी लोक त्यांना तलमडुगूपासून चंद्रपूरपर्यंत बोलावतात. मी लहानपणापासून त्यांच्या मागे बसून झील धरत आले, म्हणजे त्यांनी ओळ म्हटली की तीच ओळ मागून उचलायची. पुढे बसायची वेळ कधी आली नाही, आणि खरं सांगायचं तर कोणी बसवलंही नाही.

तुम्हाला या वाटेनं जायचं असेल तर आदिलाबादहून पहाटेची लाल बस धरा. खिडकी डावीकडची घ्या, उजवीकडे ऊन भाजून काढतं. गुडीहत्नूरला हायवे सोडला की कापसाची उघडी रानं मागे पडतात आणि डोंगर सुरू होतात. इंद्रवेल्लीला पोलिसांच्या गोळीबारात गेलेल्या गोंडांचा स्तंभ दिसतो. बाबा तिकडे पाहून हात जोडतात. मीही जोडले. पुढे पोलिसांनी बस थांबवली, सगळ्यांच्या पिशव्या चाचपल्या. माझ्या पिशवीत पांढऱ्या साडीत गुंडाळलेल्या मेणबत्त्या निघाल्या, त्या एका शिपायानं दोनदा उलटसुलट करून पाहिल्या. "पेळ्ळी, पेळ्ळी," बाबा तेलुगूत म्हणाले, लग्न आहे म्हणून. त्यानं सोडलं.

उटनूरच्या स्टँडवर मिरची भजी खायची, हा माझा नेम. मोठी, आत चिंचेचं वाटण भरलेली, सोबत चिरलेला कांदा. त्या दिवशी मात्र घास तोंडात असतानाच ड्रायव्हरनं बोर्ड काढून आत टाकला. बंद खरा होता, बस पुढे जाणार नव्हती. अहो, माझ्या तोंडचं पाणीच पळालं! मावशीचे फोन सुरू झालेले. रेंज येई, जाई, आणि जेवढी येई तेवढ्यात ती एवढंच ओरडे, "वऱ्हाड आलं वं! तुमी कुटं हा?"

सकाळीच वऱ्हाड? इथे आमच्या लोकांचीच एक खोड सांगायला हवी. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. बाबांना तर याचा इतका अभिमान, की पत्रिकेत घड्याळाची वेळसुद्धा छापू देत नाहीत. "माणसं जमली का तोच मुहूर्त," हे त्यांचं वाक्य. त्यामुळे पत्रिकेत नुसतं 'दुपारी' छापलेलं. मावशीनं धरलं, ऊन कललं की. मुलाकडच्यांनी धरलं, जेवणाच्या आधी. आणि त्यांना परत जायला प्राणहिता ओलांडायची होती. डोंगे चालवणारे अंधारात नदीत उतरत नाहीत. मुहूर्त नको म्हणणाऱ्यांचं घोडं शेवटी डोंग्याच्या वेळेवर अडलं. मी हे बाबांना तिथल्या तिथे ऐकवलं. ते म्हणाले, "बरं बरं, आदी जीप पाह्य."

जीप मिळाली. भाडं नेहमीच्या दुप्पट. बंदच्या दिवशी घासाघीस करू नका, जीपवाला निघून जातो. जीपवाल्यांशी हिंदी चालते. आम्ही मागच्या बाकावर कोंबले गेलो. जैनूरला एक गोंड बाई चढली, वीस-बावीस वर्षांची असेल, कडेवर तापानं फणफणलेलं पोरगं. सोबत कोणी नाही. केरामेरीच्या घाटात एरवी मी वळणावळणावर मान काढून खालचं सागाचं रान बघते. तुम्ही जरूर बघा, एवढा देखणा घाट आपल्या भागात दुसरा नाही. मी मात्र तेव्हा मनगटावरचं घड्याळ आणि ते पोरगं एवढंच बघत होते. घाट उतरता उतरता त्याला झटका आला. डोळे पांढरे, हातपाय ताठ. बाई ओरडायला लागली. कोणाला काही समजेना, तिला गोंडीशिवाय काही येत नव्हतं.

बाबांना येत होती. त्यांची पहिली नेमणूक जंगलातल्या शाळेत होती. पोरांना मराठी कळेना, म्हणून मास्तरच आधी पोरांकडून गोंडी शिकला. त्यांनी पोराला कुशीवर वळवलं, माझी ओढणी बाटलीतल्या पाण्यानं ओली करून त्याच्या अंगावर घातली आणि त्या बाईशी सबंध वाट हळू आवाजात बोलत राहिले. काय बोलत होते ते मला कळलं नाही. तिचं ओरडणं थांबलं एवढं खरं.

आसिफाबादला जीप दवाखान्यापाशी उभी राहिली. बाबा पोराला घेऊन उतरले. मी आपली वाट बघतेय, आता आत देऊन येतील. ते परत आले आणि खिडकीशी उभे राहिले.

"तू जाय सुनंदा. मी हितंच राह्यतो."

"काऊन?" माझा आवाज एवढा चढला की पुढचे दोघे वळून बघायला लागले.

"आत कोणालेच गोंडी येत नाई. तिले इचारून राह्यले काय खाल्लं, कदी पासून ताप. ते नुसती रडून राह्यली. कागदावर अंगठा मागतेत, ते भिते. मी गेलो तं ते पोरगं उचलून घरी पळन."

"आणि रजनी? लोकांच्या लेकरासाठी आपल्या पोरीचं लग्न मोडता? मावशीला काय तोंड दाखवू मी? लग्न कोण लावणार?"

"तू."

"मी नाही लावत!"

"तुले येते," ते म्हणाले. गाथांची पोथी माझ्या मांडीवर ठेवली आणि वळून चालायला लागले. ड्रायव्हरनं हॉर्न मारला. मला इतका राग आला होता की मी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. आयुष्यभर या माणसानं लष्कराच्या भाकरी भाजल्या, आणि चटके नेहमी घरच्यांना!

कागजनगरला जीप बदलली. पुढचा रस्ता खडीचा, दोन्हीकडे बांबू आणि मोह, मधूनमधून तेंदूपत्त्याची पुडकी वाळत घातलेली. सोबत पाणी भरपूर ठेवा, मधे काही मिळत नाही. मी मनातल्या मनात पहिली गाथा म्हणून पाहिली. शब्द होते, चाल होती, पण सुरुवातच सापडेना. झील धरणाऱ्याला सूर आयता मिळतो हो. पहिला सूर कुठून काढायचा, हे मला कधी लागलंच नव्हतं.

बेज्जूरला मांडवात शिरले तेव्हा उन्हं कलली होती. अर्धं वऱ्हाड जेवलंच नव्हतं. लग्न लागल्याशिवाय जेवणार नाही म्हणून अडून बसलेलं. मावशी धावत आली, माझ्या मागे पाहिलं. "भाऊजी कुटं हायत?"

मी सांगितलं. ती खालीच बसली.

नवऱ्या मुलाचा काका उठला. उंच, आवाज खणखणीत. "झालं? आता आमी निगतो. नदी काही आमच्यासाठी थांबून राह्यणार नाई. पोरगी घिऊन चाला, आमच्या इहारात लावू उद्या."

लग्न न लावता मुलगी त्यांच्या विहारात पाठवायची? मावशीनं रजनीचा हात असा घट्ट धरला की पोरीच्या बांगड्या करकरल्या. पहिली सोयरीक मोडली तेव्हाचीच माणसं मांडवात बसून बघत होती. मला रजनीचं तोंड दिसलं. ती रडत नव्हती, नुसती खाली बघत होती. तेच मला बघवेना.

"मी लावते लग्न," मी म्हटलं.

"बाई मानूस?" काका म्हणाले. "बाई मानूस कसं लावन लगन?"

"पंचशील बाईला वेगळं असतं का, काका? घेताना तुम्ही आम्ही एकच घेतो ना? मग देताना काय झालं?"

मागून कोणीतरी हसलं. काका बसले नाहीत. हातात पिशवी घेऊन उभेच. मी हार घातलेल्या दोन्ही तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या. दोन काड्या विझल्या, तिसरी पेटली. त्रिसरण-पंचशील झालं, ते सगळ्यांच्या तोंडी असतं. रजनी आणि मुलगा उभे राहिले. आता गाथा.

मी सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत कळलं, फार वरचा सूर धरला. बाबांना ऐकू जावं असं ओरडत असल्यासारखा. दुसरी ओळ त्याहून वर चढली. तिसऱ्या ओळीला आवाज फाटला आणि मी थांबले.  कुठेतरी ताटाजवळचा पेला घरंगळला. काकांनी पिशवी खांद्याला लावली. संपलं, मला वाटलं. मावशीचं एवढ्या वर्षांचं सगळं संपलं, आणि माझ्यामुळे संपलं!

तेवढ्यात तीच ओळ खालच्या सुरात ऐकू आली. जाड, शेतात राबलेल्या बाईचा आवाज. मुलाची आई. सकाळपासून फुगून बसलेली, पाण्यालासुद्धा हात न लावलेली. ती मांडी घालून बसल्या जागीच, डोळे मिटून ओळ म्हणत होती. चाल बाबांचीच होती. म्हणजे बाबांची म्हणून आम्ही मिरवायचो ती चाल नदीपलीकडेही होती! ओळ संपवून तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "खालतून घे माय. घाई नोको करू. आमी हाओत मागं."

मी परत घेतलं, पहिल्यापासून, खालून. तिनं झील धरली, मग मावशीनं, मग बायांच्या बाजूनं सगळ्यांनीच. सूर इतका भरला की माझा गळा त्यात नुसता टेकवायचा होता. प्रतिज्ञा झाल्या, फुलं पडली, आणि समोरून संमतीचं 'साधू साधू साधू' आलं, त्यात काकांचा खणखणीत आवाज सगळ्यांत वर. मी तिथेच ढसाढसा रडले. वधूनं रडायचं असतं, ती आपली माझी पाठ चोळत उभी!

वऱ्हाड घाईघाईत जेवलं. ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, वांग्याची भाजी आणि बुंदी. मग ट्रॅक्टरमधून सगळे नदीकडे गेले. आम्ही काठापर्यंत गेलो. पलीकडचा काठ अजून दिसत होता तोवर शेवटचा डोंगा पोचला, तेव्हा मावशीनं दिवसातला पहिला पाण्याचा घोट घेतला. प्राणहिता बघायची तर अशाच वेळी बघा, पाणी शांत असतं आणि वाळू पायाला गरम लागते.

दुसऱ्या दिवशी परतताना आसिफाबादला उतरले. बंद उठला होता, बस सुरू होत्या. बाबा दवाखान्याच्या ओट्यावर बसून त्या पोराला केळं भरवत होते. डोक्यात चढलेला ताप होता, रात्रभर सलाईन लावून उतरवला म्हणे. आईही तिथेच होती, शेजारी पाय पसरून गाढ झोपलेली. मला पाहून बाबांनी आधी विचारलं, "डोंगा भेटला का त्यायले?" म्हणजे लग्न झालं की नाही, याची चौकशीच नाही!  संपूर्ण वाट मी खिडकीबाहेर बघत आले. घाट सुंदर होता, मी त्याला दाद दिली नाही.

घरी आल्यावरही माझा राग दोन-तीन दिवस टिकला. लोक विचारतात, प्रवासातून काय आणलंस? मी म्हणते, मला आजवर ज्या चालीची मालकी वाटत होती ती घालवून आले आणि खालचा सूर घेऊन आले. त्या गोंड बाईचं नावसुद्धा विचारायचं राहिलं. बाबांचं जीपमधून उतरणं बरोबर होतं की चूक, हे मला अजूनही पक्कं ठरवता येत नाही. ते पोरगं जगलं, लग्न लागलं, म्हणून आज सगळं छान वाटतं. काकांनी पिशवी घेऊन पाय उचलला असता, तर? मी बाबांना कधीच माफ केलं नसतं.

हेच मी शेवटी एका सकाळी चहाच्या वेळी त्यांना बोलून दाखवलं. रजनीचं आयुष्य तुम्ही एका परक्या पोरासाठी पणाला लावलंत, एवढं सगळं. त्यांनी कपातला चहा संपवला.

"पणाले नाई लावलं," ते म्हणाले. "जीपमदी तुह्या जागी दुसरं कोनी असतं, तं मी उतरलोच नसतो."