चर्चच्या बाकांना बाहेरून कडी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गापुढं बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद व्हायचा. पहिल्या सत्रात मी नुसतं "नमस्कार" म्हणून परत जागेवर जाऊन बसलो होतो. या वेळी सरांनी बजावलं, "दहा मिनिटं बोलायचं. नाहीतर तोंडीचे मार्क विसर."

जुन्या इमारतींच्या चिठ्ठ्या टाकल्या. बाकीच्यांना लेणी, किल्ले, देवळं निघाली. मला निघालं वेल्समधल्या एका खेड्यातलं चर्च.

फोटो पाहून मी घरी पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. जाड दगडी भिंती, उतरतं छप्पर, त्यावर एकाच घंटेपुरती कमान. आत वेदीपुढं आडोशाला वेलबुट्टी कोरलेला लाकडी पडदा. बसायला बाकं, पण प्रत्येक बाकाभोवती छातीएवढ्या फळ्या आणि आत शिरायला छोटं दार. दारांना मी काडेपेटीतल्या काड्यांच्या कड्या लावल्या.

आईनं दाराजवळच्या दगडी कुंडावर बोट ठेवलं. "आरं, ह्ये उखळ दारात कशाला?"

"उखळ नाही आई. त्यातलं पाणी बाळाच्या डोक्यावर घालतात, नाव ठेवताना."

"येवढ्या थंडीत? लेकरं रडत न्हाईत?"

"म्हणूनच दारात ठिवलंय," वडील म्हणाले. "रडलं की भाईर."

आमच्याकडं मेंढरं आहेत. फोटोत चर्चच्या आवारात मेंढरं चरत होती, वडील तीच मोबाईलवर मोठी करून बघत होते. "लोकर बघ राव! लई दाट." मग त्यांनी बाकाचं एक दार बोटानं ढकलून पाहिलं. "घट्ट बसलंय. कुणी सुटायचं न्हाई." मला बरं वाटलं.

निमगाव सावाहून एसटीत मॉडेल मांडीवर घेऊन निघालो. शेजारचे आजोबा म्हणाले, "पावणं, खुराडं भारी केलंय."

"चर्च आहे. वेल्समधलं."

"कोणता तालुका?"

वर्गात सर वाकून बघू लागले. "कड्या बाहेरून? भाविकांना कोंडायचंय का?"

फोटोत कडी दिसतच नव्हती. मी सवयीनं ती बाहेरून लावली होती. मी खरं तेच सांगितलं, "सर, आमच्या मेंढरांच्या वाड्याला बाहेरूनच असते."

वर्ग खदखदून हसला. मागून मित्र ओरडला, "प्रार्थना झाली की मोजून सोडत्यात का रं?"

"मोजून नाही," मी म्हणालो, "पण ज्याचं त्याचं बाक ठरलेलं. एका घरातली माणसं दुसऱ्या घराच्या बाकात मिसळायची नाहीत."

"हे मात्र बरोबर आहे," सर म्हणाले.

तेवढ्यानं घसा मोकळा झाला. उंच फळ्यांमुळं गार वारा कसा अडतो ते सांगितलं, पडद्यावरची वेल सांगितली, घंटेचा दोर कुठून खाली येतो तेही सांगितलं. घड्याळाकडं पाहायचं राहूनच गेलं. शेवटी सरांनी मॉडेल उचलून बाजूला ठेवलं.

"बस झालं. पुढच्याला बोलू दे."

"सर," मी म्हणालो, "छप्पर राहिलंय."