मुरबाडचा करपा आणि ठकूचं तांबडं भात

किन्हवलीच्या वरच्या अंगाला ठाकरांची एक वाडी आहे. तिथल्या ठकूला दोन गोष्टींचा भारी अभिमान: एक घरचं तांबडं भात, दुसरं स्वतःचं तोंड. दोन्हींत जास्त काय पिकायचं, ते सांगणं कठीण. "आमच्या भाताला करपा? अरे, करपा आमच्या बांधापर्यंत येतो, रामराम करतो नि माघारी जातो," असं ती बाजारात उभ्या उभ्या चार जणांना ऐकवायची. आणि खोटं कशाला बोला, करपा म्हणजे भाताची पानं जाळणारा तो बुरशीचा रोग, आजूबाजूच्या खाचरांत अधूनमधून धुमाकूळ घालायचा. पण ठकूच्या तांबड्या भातावर चार ठिपक्यांपलीकडे त्याची मजल जायची नाही. मग वाडीतल्या सगळ्यांनी तिचंच बियाणं धरलं.

लेक चिमी मुरबाडकडच्या वाडीत दिली. ठकूच्या घरची रीत अशी, की पाठवणीत दोन भांडी कमी असली तरी चालतील, पण बियाण्याची टोपली हवीच. ठकूनं टोपली दिली, आणि वर विहिणीला, म्हणजे रंगूला, फुकटची बढाईही दिली. "हे पेरा, विहीणबाय. औषधाच्या दुकानाची पायरी चढावी लागली तर नाव बदलीन!"

झालं! भाद्रपदात चिमीचा फोन आला. "आये, तुझं भात जळलं गो. सासू म्हणते, आईनं बी दिलं का रोग दिला?" आणि पोर रडायलाच लागली.

सासरचं पहिलं वर्ष. घरात कुठला डबा कुठं ते अजून पुरतं कळलेलं नाही, तोवर पोरीवर असा ठपका बसला तर जन्मभर पुसायचा नाही. पण ठकूच्या काळजीचा ओठावर येईस्तोवर राग व्हायचा, ही तिची जुनी खोड. "युरिया ओतला असंल भसाभस! येते मी. बघतेच!"

एस्टीनं सरळगाव, तिथून जीप. रंगूच्या खाचराच्या बांधावर ठकू उभी राहिली नि वाकून पानं बघू लागली. पानोपान डोळ्याच्या आकाराचे डाग, मधे राखाडी, कडेला तपकिरी. कितीतरी लोंब्या मानेतच मोडलेल्या. आणि लागूनच रंगूचं घरचं पांढरं भात मात्र हिरवंगार उभं.

"युरिया किती टाकला?" ठकूनं विचारलं.

"दोनीकडं सारखाच," रंगू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माझं उभं हाय, तुमचं आडवं. आता काय ते तुमीच सांगा."

मग जी जुंपली, ती विचारू नका! चिमी बिचारी मधे उभी, बोलणार तरी कुणाच्या बाजूनं? ठकूनं तणतणत जळक्या भाताची जुडी उपटली नि कापडी पिशवीत कोंबली. वाडीत नेऊन सगळ्यांना दाखवणार होती, मुरबाडवाल्यांनी माझ्या भाताचं काय केलं बघा म्हणून.

तेवढ्यात रंजिता आली. ही शेजारच्या वाडीतली पोर, भाताच्या रोगांचा अभ्यास करायची, पानांचे नमुने गोळा करत फिरायची. दोघींचं भांडण तिनं निमूट ऐकून घेतलं.

"मावशी, दोष कुणाचाच नाय," ती म्हणाली. "सगळीकडचा करपा एक नसतो."

"हॅ! कुठंबी जा, पळसाला पानं तीनच. करपा तो करपा."

रंजिता हसली. "व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतो ना आपण? या बुरशीचंही तसंच. दिसायला एकच, पण तिच्यातही जाती असतात, नि जातीजातीचे गुण वेगळे. गेल्या साली आमी तुमच्याकडचा करपा आणला नि इथलाही आणला. तांबड्या भाताची रोपं बंद खोलीत कुंड्यांत लावून दोन्ही वेगवेगळे फवारले. तिकडच्यानं नुसते ठिपके पडले, इथल्यानं रोपं जाळून टाकली. तुमचं भात तिकडच्या करप्याला ओळखतं, म्हणून दारातच अडवतं. इथला त्याला अनोळखी. ओळखतच नाय, तर अडवणार कसं? रंगूकाकूंचं भात याला ओळखतं, म्हणून ते उभं."

ठकू काहीतरी उलट बोलणारच होती, पण रंजिताची नजर पिशवीवर गेली. "हे कुठं नेताय?"

"वाडीला. दाखवायला."

"तुमच्या वाडीत सगळ्यांचं तांबडंच ना? मग ही जुडी गेली का इथला करपाच तिकडं पोचला समजा."

ठकूनं पिशवीचं तोंड घट्ट आवळलं. रागाच्या भरात काय करायला निघालो होतो आपण! एरवी भांडणातला असा पुरावा तिनं मेली तरी सोडला नसता. ती तडक रंगूच्या चुलीशी गेली, जुडी विस्तवात घातली, मागोमाग पिशवीही घातली. जळून राख होईपर्यंत तिथंच उकिडवी बसली.

"विहीणबाय," ती म्हणाली, "बढाई मी मारली. बोल लावायचा तर मला लावा. माझ्या पोरीला नको."

रंगूनं त्याच चुलीवर चहाचं आधण ठेवलं. "घ्या घोटभर. भांडून घसा सुकला असंल."

घरी नवरा झिपरू वाटच बघत होता. "मग? कुणी जाळलं आपलं भात?"

"कुणी नाय. हरलं आपलं भात तिथं."

झिपरूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं नि हातपाय धुवायला गेली. स्वतःच्या खाचरावर मात्र त्या साली तिची रोज फेरी व्हायची. करपा नेहमीसारखा आला, चार ठिपके टाकून गेला.

नवं खायच्या दिवशी, म्हणजे नव्या भाताचा पहिला घास देवाला दाखवून खायच्या सणाला, फोन वाजला. चिमी असेल म्हणून ठकूनं घेतला, तर रंगू.

"विहीणबाय, बांधाच्या कडेला तुमचं तांबडं मूठभर वाचलं हुतं. कांडून शिजवलं. देवापुढं तेच ठेवलं, माझं नाय. नि पहिला घास चिमीला दिला. सुनेच्या माहेरचं हाय ना."

लेक तिथं रुजली, एवढंच ठकूच्या मनात आलं. मग तिकडं चिमीनं फोन घेतला.

"गोड लागलं का गो?" ठकूनं विचारलं.

"लागलं ना आये," चिमी हसत म्हणाली. "मूठभरच हुतं. शेवटचा घास सासूनं माझ्या ताटातून मागून घेतला."