विरघळवलेला साका

परवा गुलमंडीतल्या सलूनमध्ये केस काळे करून घेताना कलपातला अमोनिया नाकात घुसला आणि डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला संतापच आला. त्या वासानं कॉलेजातली रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा आठवली. खोलीत पंखा नव्हता, घाम टपकत होता आणि माझं पास-नापास एका परीक्षानळीवर ठरणार होतं. जस्ताच्या द्रावणात मी थेंबाथेंबानं अमोनिया सोडला आणि नळीत दह्यासारखा पांढराशुभ्र गाळ, म्हणजे साका, धरला. तेवढ्यात बाहेरगावचे परीक्षक आले. "एवढासाच? कंजूष आहेस काय?" म्हणत त्यांनी बाटलीतला अमोनिया नळीत भसाभस ओतला. अमोनिया जास्त झाला की जस्ताचा साका विरघळतो. नळी पाण्यासारखी नितळ झाली. "कुठंय साका?" ते माझ्यावरच गरजले. शेजारचा मित्र कळवळून म्हणाला, "सर, अब्बी तो था!" "गप्प! हा नापास!" माझं डोकंच फिरलं. नवी नळी घेऊन मी त्यांच्या नाकासमोर पुन्हा साका पाडला. त्यांचा हात बाटलीकडे वळला, तशी मी ती छातीशी कवटाळली. "आधी मार्क लिहा सर, मग कितीबी ओता!" त्यांनी दातओठ खात मार्क लिहिले. पास झालो, पण त्या माणसानं माझी माफी मागायला हवी होती, असं माझं आजही ठाम मत आहे.