न जळलेलं आरमार

आमच्या खुटबावापासून समुद्र लांब. गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेलाच नाही, आणि ज्यांनी पाहिलाय त्यांनी शाळेच्या सहलीत, चप्पल हातात धरून. तरीही एका वर्षी आमच्या जत्रेत समुद्रावरच्या लढाईचं नाटक झालं. ते माझ्या वडिलांनी लिहिलं होतं.

वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर शेती बघू लागले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. इतिहास शिकवताना ते एका जागी दरवर्षी थांबायचे. पेशवाईच्या काळात कोकणात आपलं मोठं आरमार होतं, इंग्रजांची जहाजं त्याला वचकून असायची. पुढे पुण्याच्या कारभाऱ्यांचं आणि कोकणातल्या त्या दर्यासरदाराचं बिनसलं. पुण्याने सरदाराला धडा शिकवायला इंग्रजांनाच सोबत घेतलं, आणि इंग्रजांनी ते सगळं आरमार किल्ल्याखाली उभ्या उभ्या जाळून टाकलं. हे सांगून झालं की आबा खडू खाली ठेवायचे आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहायचे. मी त्यांच्याच वर्गात होते, म्हणून मला माहीत आहे.

आबांना एकच भाऊ, धाकटा. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. शाळा त्यांना कधी जमली नाही, पण आवाज असा की बांधावरून हाक मारली तर रेल्वेपलीकडच्या रानातला माणूस मान वर करायचा. पूर्वी जत्रेला दरवर्षी नाटक व्हायचं तेव्हा राजा तात्याच असायचे आणि नाटक बसवणारे आबा. दोघांच्या वाटण्या झालेल्या होत्या, पण विहीर एक, मोटर एक, पाणी पाळीने घ्यायचं. काकू आणि आई एकमेकींच्या चुलीवर भाकरी टाकायच्या, इतकं ते एकत्र होतं.

मग तात्यांनी रस्त्याकडेची जमीन एका प्लॉटिंगवाल्याला विकली. मुलाला हडपसरला फ्लॅट घ्यायचा होता. आबांना त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर आबा नाहीच म्हणाले असते, हे त्यांना ठाऊक होतं. प्लॉटिंगवाल्याने जेसीबी आणला आणि आमच्या शेताचा कोपरा कापून रस्ता काढला. आबा तहसीलला खेटे घालत राहिले, काही झालं नाही. एके दिवशी ते तात्यांच्या दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "परक्याला बांधावर आणलास." आणि त्यानंतर बोलणं बंद. तात्या तोवर त्यांना दादा म्हणायचे. त्या दिवसापासून इतरांसारखं मास्तर म्हणू लागले, तेही पाठीमागे.

मी लग्नानंतर कारेगावला राहायला गेले. आम्ही नवरा-बायको दोघंही रांजणगावच्या कंपन्यांत. रविवारी माहेरी आले की दोन्ही घरी जायचे. काकू विचारायच्या, "मास्तर बरं हायत ना?" आणि आबा विचारायचे नाहीत, पण मी सांगितलेलं सगळं ऐकून घ्यायचे.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग गावातली पोरं आबांकडे आली. जत्रेत नाटक बंद पडून जमाना झाला होता, त्यांना ते पुन्हा सुरू करायचं होतं. आबा खुलले. त्यांनी पंधरवड्यात नाटक लिहून काढलं. नाटकात आरमार जळत नाही. हल्ल्याच्या आदल्या दिवशी पुण्याचा सेनापती एकटाच किल्ल्यावर जातो, दर्यासरदारासमोर उभा राहतो आणि म्हणतो, "चुकलं आमचं. घरच्या भांडणात आम्ही परक्याला दारात आणलं." दोघं गळ्यात पडतात, आणि दुसऱ्या दिवशी एक होऊन इंग्रजांना समुद्रात पिटाळतात.

आईने ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. ते वाक्य आबांनी कुणासाठी लिहिलं होतं ते तिलाही कळलं, मलाही.

पोरं म्हणाली, "आबा, दर्यासरदार तात्याच पायजेत. तसा आवाज गावात दुसरा न्हाई."

"घ्या की," आबा म्हणाले. "मला काय करायचंय."

तात्यांनीही हो म्हटलं. सेनापतीचं काम एका तरुणाला दिलं होतं. तो कुरकुंभला कामाला होता. जत्रा तोंडावर आली आणि त्याची सेकंड शिफ्ट लागली, सुपरवायझर बदलून देईना. अख्खं नाटक पाठ असलेला माणूस गावात एकच होता. पोरांनी आबांचे पाय धरले. आबांनी आढेवेढे घेतले, आणि मग डोक्याला पगडी बांधून बघितली.

म्हणजे माफी मागायची होती ती आबांनीच, तीही तात्यांची.

तालमी शाळेच्या वर्गात व्हायच्या. सुट्टी टाकून मी प्रॉम्प्टिंगला बसले. दोघे भाऊ वर्गाच्या दोन टोकांना बसायचे, आपली पाळी आली की उठायचे, संवाद म्हणायचे आणि जागेवर जायचे. नाटकाबाहेरचा एक शब्द नाही. माफीच्या प्रवेशाला आबा म्हणायचे, "हे प्रयोगाच्या दिवशी म्हणतो. पुढचं घ्या." तात्या मान खाली घालून पुढचं वाक्य म्हणायचे. एकदा तालीम सुटल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, ती ओळ खरं तर माझी हाय. चुकून त्यांच्या तोंडी पडली."

मी म्हटलं, "मग तुम्हीच म्हणा ना, तात्या."

"म्हनायची कशी?" ते म्हणाले. "लिवलंय त्यांनी."

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीलाच नाटक सुरू झालं. देवळासमोरच्या पटांगणात ऊसतोडीच्या दोन ट्रॉल्या उभ्या करून त्यांची जहाजं केली होती. शिडं शेडनेटची. समुद्र म्हणून कांद्यावर झाकायच्या निळ्या ताडपत्र्या, आणि त्या खालून हलवायला चार पोरं. इंग्रजांनी मोटारसायकलच्या हेल्मेटवर पुठ्ठे लावून टोप्या केल्या होत्या. लोक हसले, शिट्ट्या वाजवल्या. पण तात्या ट्रॉलीवर उभे राहिले आणि पहिली आरोळी ठोकली, तसं पटांगण शांत झालं. त्यांनी दाढी वाढवली होती. म्हातारे झाले होते, तरी ताठ दिसत होते.

मी विंगेत बॅटरी घेऊन बसले होते. माफीचा प्रवेश आला. आबा जहाजाखाली येऊन उभे राहिले. वर तात्यांकडे बघत राहिले. विसरले असं वाटून मी वाक्य सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे बघून हात केला, थांब म्हणून. मग म्हणाले, "चुकलं आमचं. घरच्या भांडणात आम्ही परक्याला दारात आणलं."

यावर तात्यांनी म्हणायचं होतं, "सेनापती, दर्या मोठा आहे, त्यात सगळं वाहून जातं." ते त्यांनी म्हटलं नाही. ट्रॉलीवरून खाली उतरले. उतरताना तलवार अडकली, ती तिथेच सोडली. आबांसमोर येऊन म्हणाले, "तुमची चूक न्हाई, दादा. परक्याला मी आनला."

नाटकाच्या हिशोबाने या वाक्याला काही अर्थ नव्हता. दर्यासरदाराने कुणालाच आणलं नव्हतं. पण गावाला अर्थ कळला. एकही शिट्टी नाही, टाळी नाही. बायकांमध्ये बसलेल्या काकूंनी पदर तोंडाला लावला. ताडपत्रीखालच्या पोरांनी समुद्र हलवायचा थांबवला. आबांनी तात्यांना मिठी मारली. ती नाटकात होतीच, पण लिहिली होती त्याहून लांबली, आणि इंग्रज बिचारे हेल्मेट घालून हल्ला कधी करायचा याची वाट बघत राहिले.

पुढे लढाई झाली, इंग्रज हरले, फटाके फुटले. मला वाटलं, संपलं सगळं. आता दोघे बरोबर घरी येतील. पण आबा पगडी काढून एकटेच चालू लागले. मी मागे धावले. "आबा, तात्या थांबलेत तिथं."

"नाटकात बोलला तो," आबा म्हणाले. "आता घरी येऊन बोलू दे. धाकटा आहे, त्याने यावं."

दुसऱ्या दिवशी कारेगावला निघण्याआधी मी तात्यांकडे गेले. ते गोठ्यात होते. कपाळावर अजून रंग राहिला होता.

"तात्या, आबा तुमची वाट बघतायत."

"जानार की," ते म्हणाले. "मीच जायाला पायजे, धाकटा हाय मी. जरा ऊस तुटून जाऊ दे. टोळी आज येती, उद्या येती चाललंय. एकदा रान मोकळं झालं की काकूला घिऊन जेवायलाच येतो. सांग वैनीला, पुरन घाला म्हनावं."

मी आईला सांगितलं. आबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "येऊ दे. कधीही येऊ दे." आणि त्या संध्याकाळी आई फोनवर म्हणाली की, आबांनी पुरणासाठी चांगली डाळ आणून ठेवलीय.

टोळी लांबली. कधी कारखान्याची चिठ्ठी नाही, कधी गाडी नाही. तात्यांचा निरोप यायचा, या सोमवारी नक्की. आबा ओसरीवर बसायचे ते तोंड त्यांच्या घराकडे करून, असं आईने सांगितलं.

अशाच एका सकाळी पाण्याची पाळी तात्यांची होती. त्यांच्या उन्हाळ कांद्याला पाणी चाललं होतं. आमचा गहू सोंगून रानात पडला होता. आबा रानात गेले तर तात्यांच्या वाफ्यातलं पाणी बांध फोडून आमच्या गव्हात शिरलेलं, पेंढ्या पाण्यात. आबा भडकले. एवढ्या वर्षांचं सगळं वर आलं असेल. ते बांधावरूनच ओरडले, "झोपलास काय रे? दुसऱ्याच्या रानाचं वाटोळं करायचं ठरवलंयस का? मोटर बंद कर!" उत्तर आलं नाही, तसे आणखी ओरडले. शेजारच्या रानातल्या बायकांनीही ते ऐकलं. मग ते तरातरा बांधावरून पलीकडे गेले.

तात्या वाफ्याच्या तोंडाशी पालथे पडले होते. हातात खोरं तसंच. पाणी त्यांच्या अंगावरून वाहत होतं. डॉक्टर नंतर म्हणाले, हार्ट अटॅक, पडले तेव्हाच गेले असतील. आबांनी त्यांना उताणं केलं, तोंडावरचा चिखल पुसला, आणि हाका मारत राहिले. त्या बायका धावत आल्या तेव्हा आबा भावाचं डोकं मांडीवर घेऊन वाफ्यातल्या पाण्यात बसले होते. मोटर चालूच होती. ती बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी पोचले तेव्हा दौंडच्या दवाखान्यातून बॉडी आणली होती. नदीवर सगळं करून आल्यावर आबा काकूंसमोर बसले. काकूच म्हणाल्या, "भावजी, तुमी ओरडला ते त्येंनी ऐकलं न्हाई. ते आधीच गेलं हुतं. मनाला लावून घिऊ नका." आबांनी मान हलवली. पण लावून घेतलं. आजही घेतलेलंच आहे. ते कधी मोठ्याने बोलत नाहीत. फोनवरसुद्धा इतकं हळू बोलतात की मला दोनदा विचारावं लागतं.

पुढच्या जत्रेला पोरं पुन्हा आली. तात्यांच्या आठवणीत तेच नाटक करू म्हणाली.

आबा म्हणाले, "करा. पण शेवट बदलून करा. झालं होतं तसं. आरमार जळतं."

"आबा, लोकांना न्हाई आवडायचं."

"नसू दे आवडत. खोटं किती दिवस सांगायचं?"

पोरं चहा पिऊन गेली. त्या वर्षी ऑर्केस्ट्रा आणला. त्यांनाही दोष देता येत नाही.

जत्रेच्या दिवशी मी गेले होते. दुपारी काकू आमच्याकडे आल्या. आता त्या रोजच येतात. ओसरीवर आई आणि त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या, आबा खांबाला टेकून बसले होते. पटांगणातून साउंड चेकिंगचा आवाज येत होता, हॅलो हॅलो, वन टू थ्री. काकू एकदम म्हणाल्या, "भावजी, एक इचारू? तुमच्या नाटकात ती लढाई जिकली. मग म्होरं काय झालं आसतं हो?"

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. ते मास्तरांसारखे सावरून बसले. म्हणाले, "इंग्रजांना किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा राहिली नसती. आपली जहाजं पार लांबपर्यंत गेली असती. दोघांनी मिळून..."

काकू थांबल्या होत्या, शेंग हातात धरून.

"तिथपर्यंत मी लिहिलंच नाही," आबा म्हणाले. "मिठी मारली तिथपर्यंतच सुचलं होतं."

काकूंनी शेंग सोलली, दाणे परातीत टाकले. आई म्हणाली, ऊन कलतंय, चहा टाकते, आणि आत गेली. थोड्या वेळाने आबांनी पुढे सरकून सुपातल्या मूठभर शेंगा स्वतःकडे ओढल्या. त्यांना नीट सोलता येत नाही, दाणे तुटतात. काकू ते तुटके दाणे गुपचूप वेगळे काढत राहिल्या.