जिन्याखालची भिंत

मला भीती वाटत नाही असं मी चारचौघांत सांगते, ते अर्धंच खरं आहे. मला भीती वाटायला लागली की आधी राग येतो, आणि तो इतका मोठा असतो की त्याच्यामागे भीती उभी आहे हे कुणाला दिसत नाही. त्या दुपारी मात्र राग यायला उशीर झाला.

चांदे गावात मी ज्या इमारतीत भाड्याने राहते, ती घरमालकांच्या मळ्यात उभी आहे. मळा आता नुसता म्हणण्यापुरता. दोन मजले झालेत, तिसरा होणार होणार म्हणून गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच सोडल्यात, आणि तिसरा होईपर्यंत जिन्याला कठडा बसवायचा नाही असं मालकांनी ठरवलंय. एकदमच बसवू, म्हणतात. एकदम म्हणजे कधी, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. तळमजल्यावर मालक आणि मालकीणबाई राहतात, वर आम्ही भाडेकरू. बाकीचे सकाळीच कंपनीत जातात, मी घरात बसून भाषांतरं करते. मालकही दिवसा बाहेरच असतात, त्यामुळे भर दुपारी इमारतीत मी आणि मालकीणबाई, दोघीच. त्यांना आम्ही सगळे काकी म्हणतो.

जिन्याखाली शेंदूर लावलेले सात दगड आहेत. इमारतीच्या जागी पूर्वी विहीर होती. ती बुजवली आणि तिच्या काठावरच्या साती आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवी, उचलून जिन्याखाली बसवल्या. विहीर गेली, देवी राहिल्या. तिथली फरशी चालताना पोकळ वाजते. दगडांमागच्या भिंतीला कायम ओल असते, अगदी गावात टँकर यायला लागतात तेव्हासुद्धा. मालक म्हणतात पाइप गळतोय. त्या भिंतीतून पाइपच जात नाही, मी प्लंबरला विचारून घेतलंय.

विहीर बुजवायला काकींचा विरोध होता. लग्न होऊन आल्या तेव्हा पहिली घागर त्यांनी तिथेच भरली होती. पण त्यांना विचारतं कोण? विहीर बुजली, म्हशी विकल्या गेल्या, मग मांजर गेलं ते परत आलं नाही, आणि एक लाडकी शेळी जिन्याखाली सावलीला बसली ती उठलीच नाही. काकी हे सगळं मेथी निवडता निवडता सांगायच्या, शेजारच्या गल्लीतली बातमी सांगावी तसं. मी हसायचे. म्हणायचे, काकी, शेळ्या मरतातच. त्या म्हणायच्या, व्हय, मरत्यात की. आणि मेथी निवडत राहायच्या.

तर त्या घरात एक कुत्र्याचं पिल्लू आलं. त्याच्या आईला रस्त्यावर काँक्रीटच्या ट्रकने चिरडलं, बाकीची पिल्लं कोणी कोणी नेली, हे तांबूस तेवढं उरलं. काकींनी ते पदरात घालून आणलं आणि ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं. मालक कुरकुरले. पण म्हशी गेल्यापासून काकींना दिवस खायला उठायचा, हे त्यांनाही दिसत असणार. पिल्लू काकींच्या पायांत पायांत करत हिंडायचं, चपला कुरतडायचं, माझ्या दारात येऊन उगाच भुंकायचं. काकींनी त्याचं नाव मुद्दाम ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं की त्यांना ऐकू जातं, म्हणाल्या. त्यांना म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही.

त्या दिवशी मालक लग्नाला पौडला गेले होते. काकी गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या आणि पिल्लू अर्थातच त्यांच्या मागे. मी कानात हेडफोन घालून बसले होते, तरी तो आवाज मला ऐकू आला. आधी एक बारीक क्याँव, आणि मग ओलं धुणं फरशीवर आपटावं तसा धप्पकन. मी खाली पळाले, काकी वरून पळत आल्या. जिन्याच्या उघड्या बाजूने ते सरळ खालच्या फरशीवर पडलं होतं. क्षणभर आडवं होतं. मग उठलं, कान फडफडवले, शेपूट हलवत काकींकडे गेलं आणि त्यांनी दिलेलं बिस्कीट खाल्लं. मी त्याचे पाय चाचपले, पोटावरून हात फिरवला. कुठे रक्त नाही, लंगडणं नाही. काकींनी डोळे पुसले आणि आम्ही दोघी हसलो. सुटल्याचं हसू. त्या पुन्हा कुरडयांकडे गेल्या, मी कामाला बसले.

बऱ्याच वेळाने मला जाणवलं की इमारतीत आवाज नाही. दुपारी तसाही नसतो, पण पिल्लू आल्यापासून काहीतरी खुडखुड असायची. मी चहाचा कप हातात घेऊनच खाली आले. ते जिन्याखाली होतं. सात दगडांच्या पलीकडे, ओल्या भिंतीला कपाळ टेकवून उभं. बसलेलं नाही, झोपलेलं नाही, चारही पायांवर उभं, आणि डोकं भिंतीत दाबलेलं. मी हाक मारली. कान हलला नाही. टाळी वाजवली. तेव्हा ते मागे सरलं, डावीकडून एक छोटा गोल फेरा मारला आणि पुन्हा त्याच ठिकाणी कपाळ लावलं. पलीकडे कुणीतरी बोलतंय आणि हे ऐकतंय, असं वाटत होतं. फरशी त्याच्या एवढ्याशा पायांखाली पोकळ वाजत होती. माझ्या हातातला चहा कधी गार झाला कळलं नाही.

काकी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी पाहिलं आणि जिथल्या तिथे थांबल्या. आवाज न चढवता एवढंच म्हणाल्या, "आल्या. ह्यालाबी न्यायला आल्या."

मग त्या घरात गेल्या. त्यांच्या हालचालीत घाई होती पण गोंधळ नव्हता, कधीतरी हे करावं लागणार हे ठाऊक असल्यासारख्या. पाट आणला, त्यावर दहीभात, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, आणि कणकेचा दिवा. दिवा लावून त्या दगडांसमोर बसल्या. उताऱ्याचा नियम त्यांनी मला सांगितला. दिवा तेवतोय तोवर त्या जिवाला जागेवरून हलवायचं नाही. दिवा आपसूक शांत झाला की आसरांनी त्याला सोडलं असं समजायचं. मध्येच हलवलं तर तो जीव त्यांचा.

आणि तेव्हा कुठे मला राग आला. हातपाय चालायला लागले. महाळुंग्याला जनावरांचा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंचा नंबर माझ्याकडे होता, पूर्वी एका भटक्या मांजरीसाठी घेतलेला. मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे एकेक विचारलं. उलटी झाली का? धाप लागलीय का? नाकाकानातून रक्त? हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या पडल्यात? मी ओठ वर करून पाहिलं, फिकट होत्या. मग म्हणाल्या, मोबाईलचा टॉर्च लावा आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघा, दोन्ही सारख्या आहेत का.

मी ओणवी झाले. टॉर्च मारल्यावर डावी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली. उजवी हललीच नाही. मोठी, काळी, उघडी. मी टॉर्च तसाच धरून बसले आणि ती माझ्याकडे न बघता माझ्यातून पलीकडे बघत राहिली. विहिरीत वाकून पाहिल्यावर जे दिसतं, ते तिच्यात दिसत होतं.

डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. आत्ताच्या आत्ता निघा, म्हणाल्या. डोक्याला मार आहे, आत सूज चढतेय. दूध-पाणी काही पाजू नका, माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच नाही. उचलताना मान हलू देऊ नका, सपाट फळीवर घ्या.

मी काकींना सांगितलं. त्या दिव्याकडे बघत म्हणाल्या, हलवलं तर मरंल. मी म्हटलं, नाही हलवलं तर मरेल. दोघी एकच वाक्य दोन बाजूंनी ओढत होतो. मी वाद घालू लागले की ते भिंतीशी बोलत नाहीये, डोकं दुखतं, मेंदूवर दाब येतो म्हणून जनावरं असं डोकं दाबतात. काकींनी माझ्याकडे पाहिलं. "मग एवढ्या घरात हीच भित का धरली?" भिंत गार होती म्हणून, असं मी स्वतःला सांगते.

तेवढ्यात पिल्लाचे पुढचे पाय दुमडले. ते तोंडावर पडलं, भळाभळा ओकलं, आणि मागचे पाय हवेत चालल्यासारखे हलवू लागलं. काकींनी एकदा दगडांकडे पाहिलं. मग पाटावरचा दहीभात आणि बांगड्या खाली उतरवल्या, पाट पदराने पुसला आणि माझ्यापुढे सरकवला. पेटता दिवा त्यांनी तळहातावर घेतला.

"ह्याच्यावर घ्या त्याला," म्हणाल्या. "जितं दिवा, तितं त्या. त्यांनाबी संगं न्यावं लागंल."

पिल्लू टॉवेलने पाटावर बांधलं आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर काकींच्या मांडीला टेकवून ठेवलं. त्यांचा एक हात पिल्लावर, दुसऱ्या हातात दिवा. ज्योत विझू नये म्हणून काचा बंद, एसी बंद. बाहेर कंपन्या सुटल्या होत्या, आणि माणच्या रस्त्यावर गाड्यांना गाड्या चिकटलेल्या. शेजारच्या गाडीतली पोरं आत डोकावून बघायची आणि मग घाईघाईने नजर वळवायची. मी हॉर्नवरचा हात काढतच नव्हते. मागे तेल जळत होतं, काकी ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या, आणि गाडीत ओल्या मातीचा, शेवाळाचा वास भरला होता. आरशात मला दिव्याच्या उजेडात पिल्लाचा डोळा दिसत होता, तो उघडा. नंतर पाहिलं तर मागचं पायपुसणं चिंब होतं. पिल्लू मुतलं असेल. असेलच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या. पाट टेबलावर ठेवला, त्यांनी डोकं जरा उंचावर घेतलं, नळी लावायला घेतली. मग काकींच्या हाताकडे पाहून थांबल्या. दिवा विझवावा लागेल, म्हणाल्या. इथे ऑक्सिजन आहे, ज्योत चालणार नाही. मी म्हटलं, काकी, तुम्ही दिवा घेऊन बाहेर थांबा. काकींनी नकारार्थी मान हलवली. दिवा बाहेर गेला आणि पिल्लू आत राहिलं तर ते हलवल्यासारखंच झालं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पिल्लाच्या हिरड्या आता राखाडी दिसत होत्या.

काकी टेबलाजवळ गेल्या. मला आयुष्यात खूप लोकांनी खूप काही बोलून दाखवलंय, पण त्यांनी त्या दिव्याला जे सांगितलं, ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही.

"हे लेकरू नगं. पहिली घागर मी भरली व्हती. न्यायचं तर मला न्या."

आणि त्यांनी ज्योत चिमटीत धरून शांत केली. दवाखान्यात धुराचा वास राहिला. डॉक्टरीणबाईंनी मास्क पिल्लाच्या तोंडावर धरला.

त्यांनी ते दवाखान्यातच ठेवून घेतलं. डोक्यातला दाब उतरवायचं औषध शिरेतून दिलं. बाहेर येऊन त्यांनी मला सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण मला ते माहीत नव्हतं. पडलेलं पिल्लू उठून चाललं, बिस्कीट खाल्लं, याला काही अर्थ नसतो. डोक्यातली सूज आणि पोटातला रक्तस्राव दोन्ही दमादमाने वर येतात. उंचावरून पडलं असेल तर ठीक दिसलं तरी दाखवायचंच, आणि पुढचा दिवस-रात्र डोळ्यांसमोर ठेवायचं. ते एकाएकी गप्प झालं, हाकेला ओळखेना, गोल फिरू लागलं, डोकं दाबू लागलं, उलट्या, झटका, फिकट हिरड्या, लहानमोठ्या बाहुल्या, फुगलेलं पोट, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नाही. दिवा विझायची वाटही बघायची नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. काकी बाजूलाच बसल्या होत्या, चिमटीला आलेला फोड बघत.

पिल्लू वाचलं. मान जराशी कललेली राहिली आहे, त्यामुळे ते सारखं काहीतरी विचारतंय असं दिसतं. जिन्याला मी स्वतः हिरवी जाळी बांधली. मालक बघत राहिले. जिन्याखाली मात्र पिल्लू जात नाही. बिस्कीट टाकलं तरी सात दगडांच्या अलीकडेच थांबतं.

परवा दुपारी पुन्हा इमारतीत काही आवाज नव्हता. मी खाली आले. पिल्लू दगडांच्या अलीकडे कललेल्या मानेने बसलं होतं आणि जिन्याखाली बघत होतं. काकी तिथे उभ्या होत्या. पाठमोऱ्या, हात खाली सोडलेले, कपाळ ओल्या भिंतीला टेकवलेलं. मी हाक मारली. पहिल्या हाकेला त्या वळल्या नाहीत.

मला राग आला नाही. मी जवळ गेले, खांद्याला धरून त्यांना वळवलं आणि काही न सांगता मोबाईलचा टॉर्च त्यांच्या डोळ्यांवर धरला. त्यांनी तो धरू दिला. डावी बाहुली लहान झाली. उजवीही झाली, तेवढीच.

"हायेत ना सारख्या?" काकींनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग अजून न्हाई," म्हणाल्या, आणि पिल्लाला उचलून भाकरी टाकायला घरात गेल्या.