जवायासमोर म्हटलेलं ‘नाही’

तेव्हा खोलीत पाच जणं होतो. खाटेवर मी, उशाला माझी लेक, दाराशी धुळ्याचे जवाई, मोठे डॉक्टर आन् सलाईन लावणारी सिस्टर.

दोन महिने ताप हटत नव्हता. रावेरला टायफाइडच्या गोळ्या खाल्ल्या, काही फरक नाही. मग जळगावला आणलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, रक्तात जंतू शिरलेत, हृदयाच्या झडपेवर बसलेत. दीड महिना शिरेतून औषध द्यावं लागंल." दीड महिना हाताला सुई! दावणीला बांधलेल्या म्हशीसारखी मी त्या खाटेला.

मग त्यांनी विचारलं, "परसाकडे रक्त पडतं का?"

पडत होतं. वर्ष झालं होतं. मूळव्याध असंल म्हणून मी कोणाला बोलले नव्हते. आन् दाराशी जवाई उभे. त्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी पडू दिला नाही, हे कसं बोलू? "नाही," म्हटलं.

चार दिवसांनी डॉक्टर परत आले. "हा जंतू आतड्यात राहणारा आहे. तो झडपेवर सापडला म्हणजे आतड्यात काही लपलंय का ते पाहावं लागतं. दुर्बीण घालू."

जवाई मला मामी म्हणतात. ते म्हणाले, "कशाले? मामी ‘नही’ बोलन्यात ना? त्या खोटं बोलतस नही."

डॉक्टर म्हणाले, विचार करून सांगा. दोन दिवस गेले. जवाई भेटायला येणाऱ्याला सांगायचे, मामीचं पोट एकदम साफ शे. मी भिंतीकडं तोंड करून पडायची. आता खरं बोलावं तर त्यांनाच खोटं पाडल्यासारखं. सुई एका हाताला, माझं ‘नाही’ दुसऱ्या हाताला.

तिसऱ्या दिवशी लेकीनं माझं लुगडं बदललं. "माय, हा डाग कशाचा वं?"

"पानाचा असंन."

"आन् पान काय खालून खातेस तू?"

मला हसू आलं, मग रडू आलं. म्हटलं, "त्यांले चहाले पाठव. आन् डॉक्टरले बोलाव."

दुर्बिणीत गाठ निघाली. जंतूचं औषध पुरं झाल्यावर पोट कापून ती काढली. वर्षभर आधी बोलले असते तर लहान असती, असं डॉक्टर म्हणाले. झडप गळते ती गळतेच, जिना चढवत नाही.

हे वाचणाऱ्यांना एकच सांगणं. डॉक्टर बाईमाणसाला असलं विचारत असले आन् तुम्ही दाराशी उभे असाल, तर कोणी सांगायच्या आत बाहेर जा.